बसवलेली किडनी, रिजेक्शन आणि तिचं पुढचं आयुष्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रत्यारोपण झालेली माणसं, त्यांच्या घरचे आणि किडनी द्यायला तयार झालेले दाते जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न साधे आहेत, पुढचे अवघड होत जातात. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. एक कळकळीची विनंती आहे. इथलं वाचून स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, डोसही बदलू नका. शंका आली तर हे पान घेऊन तुमच्या डॉक्टरांसमोर बसा.

१. रिजेक्शन म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ती माणसागणिक वेगळी असतात आणि त्यांच्यावरून प्रतिकारयंत्रणा आपलं-परकं ओळखते. दात्याच्या किडनीवरची एचएलए वेगळी दिसली की दोन वाटांनी हल्ला होऊ शकतो. पहिल्या वाटेत टी पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी थेट किडनीत शिरतात आणि तिथल्या नलिकांना इजा करतात. दुसऱ्या वाटेत बी पेशींपासून अँटिबॉडी तयार होतात आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात. हे दोन हल्ले वेगळे आहेत, त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि परिणामही वेगळे आहेत. या पानावरचे निम्मे प्रश्न या एका फरकापाशी येऊन थांबतात.

नकार, म्हणजेच रिजेक्शन, ही प्रतिकारयंत्रणेने शिकून घेतलेली प्रतिक्रिया आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीटर मेदावर यांनी त्वचारोपणाच्या प्रयोगांतून दाखवलं. त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळून पडते. शरीर विसरत नाही. प्रश्न ६ आणि १९ मध्ये ही स्मृती पुन्हा भेटेल.

२. रिजेक्शन झालं म्हणजे किडनी गेलीच का?

नाही. पहिल्या काही महिन्यांत होणारं टी पेशींचं रिजेक्शन बहुतेक वेळा आटोक्यात येतं. साधारण तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं जातं. त्याने भागलं नाही किंवा इजा तीव्र असेल तर एटीजी, म्हणजे टी पेशी नष्ट करणारं औषध, देतात. काही मिनिटांत किंवा तासांत किडनी काळीनिळी पडण्याचा जो प्रकार जुन्या काळी होत असे, तो क्रॉसमॅच चाचणीमुळे (प्रश्न ६) आता अगदी विरळा झाला आहे. उशिरा येणारं, अँटिबॉडीमुळे होणारं रिजेक्शन मात्र चिवट असतं (प्रश्न १२). म्हणून ‘रिजेक्शन आहे’ असं कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा : कोणत्या प्रकारचं?

३. बसवलेली किडनी किती वर्षं टिकते?

अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेलं, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक विश्लेषण आहे. त्यात २०१४ ते २०१७ मध्ये झालेल्या प्रत्यारोपणांसाठी मध्यक आयुष्य मृत दात्याच्या किडनीचं ११.७ वर्षं आणि जिवंत दात्याच्या किडनीचं १९.२ वर्षं असेल, असा अंदाज मांडला आहे. १९९५ ते १९९९ या काळात हेच आकडे ८.२ आणि १२.१ होते.

हे आकडे वाचून पुष्कळजण घाबरतात, म्हणून दोन गोष्टी सांगणं जरुरीचं वाटतं. मध्यक म्हणजे मुदत नव्हे. निम्म्या किडन्या त्याहून जास्त टिकतात, आणि चार-चार दशकं काम करणाऱ्या किडन्याही आहेत. दुसरं म्हणजे या हिशेबात किडनी नीट चालू असताना हृदयविकाराने, जंतुसंसर्गाने किंवा कर्करोगाने माणूस गेला, तरी ‘किडनी गेली’ अशीच नोंद होते. तुमची किडनी किती टिकेल हे दात्याचं वय, जुळणी, पहिल्या वर्षातल्या घडामोडी, रक्तदाब आणि अँटिबॉडी अशा कितीतरी गोष्टींवर ठरतं. एका सरासरीत ते मावत नाही.

४. मला काहीच त्रास नाही, लघवी छान होते, तरी रिजेक्शन असू शकतं का?

हो, आणि हेच लोकांना पटायला सगळ्यात जड जातं. ताप, किडनीच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं, अंगावर सूज, एकाएकी वाढलेलं वजन किंवा रक्तदाब ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी कळवायला हवं. पण आजच्या औषधांच्या काळात बहुतेक रिजेक्शन लक्षणांशिवाय येतं, आणि कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढल्यामुळे. क्रिएटिनिनही उशिरा बोलतं. किडनीत राखीव क्षमता भरपूर असल्यामुळे बरीच इजा झाल्यावर तो आकडा हलतो. काही केंद्रं सगळं ठीक असतानाही ठरावीक महिन्यांनी बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) करतात आणि त्यांतल्या काहींत रिजेक्शन सापडतं.

लघवीतल्या प्रथिनांकडेही लक्ष ठेवा. क्रिएटिनिन स्थिर असताना प्रथिनं वाढू लागली, तर तो दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नाही.

५. सख्ख्या भावाची किडनी आहे. मग आयुष्यभर गोळ्या कशाला?

आईवडील आणि मूल यांची एचएलए साधारण अर्धी जुळते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धी जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते. पूर्ण जुळली तरी एचएलए सोडून इतर लहानसहान प्रथिनांत फरक उरतोच, त्यामुळे गोळ्या लागतात. डोस कदाचित कमी लागेल.

खरा अपवाद एकसारख्या जुळ्यांचा. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि सहकाऱ्यांनी रोनाल्ड हेरिक यांची किडनी त्यांचा जुळा भाऊ रिचर्ड यांना बसवली. ती प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांशिवाय चालली आणि रिचर्ड पुढे आठ वर्षं जगले.

याच्या उलट, जुळणी कमी असली म्हणून हिरमुसू नका. १९९५ मध्ये पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी पती-पत्नींमधल्या प्रत्यारोपणांचे आकडे मांडले. रक्ताचं नातं नसूनही तीन वर्षांनी ८५ टक्के किडन्या चालू होत्या. मृत दात्यांच्या बाबतीत हे प्रमाण ७० टक्के होतं. जिवंत, निरोगी माणसाची किडनी बर्फात कमी वेळ राहते आणि कमी इजा घेऊन येते. त्याचा फायदा जुळणीतली उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो.

६. क्रॉसमॅच निगेटिव्ह होता. मग आता दात्याविरुद्ध अँटिबॉडी आल्या कुठून?

क्रॉसमॅच त्या दिवसाचं चित्र दाखवतो : दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी तुमच्या रक्तात आज आहेत का? ही चाचणी का हवी, हे १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवून दिलं. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही बसवलेल्या ३० पैकी २४ किडन्या लगेच बंद पडल्या होत्या. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. प्रत्यारोपणाच्या इतिहासात इतकं स्वच्छ उत्तर देणारे अभ्यास थोडेच असतील.

पण पुढे अँटिबॉडी तयार होणार नाहीत याची हमी क्रॉसमॅच देत नाही. प्रत्यारोपणानंतर नव्याने तयार होणाऱ्या, दात्याच्या एचएलएविरुद्धच्या अँटिबॉडींना अहवालात ‘डी नोव्हो डीएसए’ म्हणतात (डीएसए म्हणजे दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी, डी नोव्हो म्हणजे नव्याने आलेल्या). कॅनडातल्या मॅनिटोबा इथल्या ३१५ रुग्णांच्या २०१२ च्या अभ्यासात १५ टक्के लोकांत त्या आढळल्या, आणि दिसण्याचा सरासरी काळ होता ४.६ वर्षं. दहा वर्षांनी त्या गटातल्या ५७ टक्के किडन्या चालू होत्या. अँटिबॉडी नसलेल्यांत ९६ टक्के. त्या अभ्यासात दिसलेली कारणं अशी : एचएलए-डीआर (एचएलएचाच एक प्रकार) न जुळणं, गोळ्या घेण्यातली अनियमितता आणि आधी झालेलं रिजेक्शन. नव्याने येणाऱ्या अँटिबॉडींत एचएलए-डीक्यूविरुद्धच्या सर्वांत जास्त दिसतात.

आणखी एक शक्यता असते. गरोदरपण, रक्त चढवणं किंवा आधीचं प्रत्यारोपण यांतून शरीराला परक्या एचएलएची ओळख झालेली असते. अँटिबॉडीची पातळी कालांतराने इतकी उतरते की चाचणीत दिसत नाही, पण स्मृती-पेशी शिल्लक असतात. म्हणून मुलं झालेल्या स्त्रीला पतीची किडनी बसवताना डॉक्टर जास्त बारकाईने तपासतात. तुमचा आधीचा सगळा इतिहास न वगळता सांगा, वीस वर्षांपूर्वीचा गर्भपातसुद्धा.

७. पहिल्या वर्षातलं रिजेक्शन इतकं कमी झालं, तरी किडन्या पुढे बंद का पडतात?

प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन १९८३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, १९९५ मध्ये मायकोफिनोलेट आलं, १९९७ मध्ये किडनीसाठी टॅक्रोलिमस. पहिल्या वर्षातलं तीव्र रिजेक्शन झपाट्याने खाली आलं. सगळ्यांना वाटलं, आता दीर्घ आयुष्य आपोआप वाढेल. २००४ मध्ये मायर-क्रीशे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की तीव्र रिजेक्शन घटलं त्या प्रमाणात दीर्घकालीन आयुष्य वाढलेलं नाही. त्यानंतर सुधारणा झाली (प्रश्न ३), पण तेव्हा उभा राहिलेला प्रश्न आजच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे.

बराच काळ या हळूहळू होणाऱ्या ऱ्हासाला ‘क्रॉनिक ॲलोग्राफ्ट नेफ्रोपथी’ असं एक गोळाबेरीज नाव दिलं जाई. बायोप्सीत व्रण दिसले, नाव दिलं, फाइल बंद. कारण शोधण्याची गरजच त्या नावाने संपवली होती. बायोप्सी वाचण्याच्या बॅन्फ वर्गीकरणाने (प्रश्न १०) २००५ च्या बैठकीनंतर ते काढून टाकलं, आणि माझ्या मते या क्षेत्रातला तो सर्वांत उपयोगी निर्णय होता. त्यानंतर प्रत्येक बायोप्सीत ‘व्रण कशामुळे?’ हे विचारणं भाग पडलं.

उत्तर देणारा महत्त्वाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. काही कारणाने बायोप्सी करावी लागलेल्या ३१५ लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ६० किडन्या पुढे बंद पडल्या. ज्यांचं कारण सापडलं त्यांत ६४ टक्के, म्हणजे ३६ किडन्या रिजेक्शनने गेल्या होत्या, आणि त्या रिजेक्शनमध्ये अँटिबॉडीचा हात होता. उरलेल्यांत मूळ आजार परत येणं, बीके विषाणू (प्रश्न १३) आणि मधेच उद्भवलेली इतर दुखणी होती.

त्याच अभ्यासातला एक आकडा वारंवार अर्धवट सांगितला जातो. रिजेक्शनने गेलेल्या ३६ पैकी १७ रुग्ण गोळ्या नियमित घेत नव्हते, अशी त्यांच्या डॉक्टरांची नोंद होती. यावरून ‘किडनी गेली ती रुग्णाच्या हलगर्जीपणाने’ असं म्हणणारे विसरतात की उरलेल्या १९ जणांबद्दल अशी नोंद नव्हती. सगळं नीट करूनही किडनी जाऊ शकते. तसं झालं असेल तर त्याचा दोष स्वतःच्या माथी घेऊ नका, आणि कुणी घातला तर तो स्वीकारू नका.

८. टॅक्रोलिमसची लेव्हल कधी ५, कधी ९ येते. काळजी करावी का?

एखाद्या वेळी थोडा फरक पडणं स्वाभाविक आहे. पण डोस तोच असताना लेव्हल सतत हेलकावे खात असेल तर ते स्वतंत्र धोक्याचं लक्षण मानलं जातं. अनेक केंद्रांच्या अभ्यासांत अशा रुग्णांची किडनी लवकर खालावलेली दिसली आहे. लेव्हल खाली जाते तेव्हा टी पेशींना मोकळीक मिळते आणि नव्या अँटिबॉडींची सुरुवात होऊ शकते. ज्यांची एचएलए-डीआर आणि डीक्यू फारशी जुळत नाही, त्यांना कमी लेव्हल आणखी महागात पडते.

आधी साधी कारणं तपासा. रक्त गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या डोसनंतर साधारण बारा तासांनी दिलं होतं का? सकाळची गोळी घेऊन मग लॅबमध्ये गेलं की आकडा खोटा फुगतो, आणि त्यावरून डोस उगाच कमी केला जातो. गोळी दररोज एकाच वेळी आणि जेवणाशी एकाच रीतीने घेतली जाते का? कंपनी बदलली का? जुलाब झाले होते का? जुलाबात टॅक्रोलिमस बहुधा वाढतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं, डिल्टियाझेम आणि ग्रेपफ्रूट यांनी लेव्हल चढते. रिफाम्पिसिन आणि फिटची काही औषधं ती एकदम खाली आणतात. वनस्पतींपासून केलेली औषधंही लेव्हल बिघडवू शकतात. ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असलं तरी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका; काय करायचं ते केंद्राला विचारा. आणि चुकली हे सांगताना लाजू नका. लपवलेल्या चुकीवरून डॉक्टर चुकीचा डोस ठरवतात.

९. टॅक्रोलिमस किडनीलाच अपाय करतं म्हणतात. मग ते शक्य तितकं कमी करू नये का?

अपाय होतो हे खरं. सिडनीतल्या नॅनकिवेल यांच्या गटाने २००३ मध्ये १२० रुग्णांच्या ९६१ बायोप्सींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहा वर्षांनंतर टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिन गटातल्या औषधांच्या इजेच्या खुणा जवळजवळ सगळ्यांत होत्या. त्यानंतर औषध कमी करण्याची लाट आली. पण त्यांतल्या बऱ्याच खुणा वय, रक्तदाब, मधुमेह यांनीही होतात आणि औषध खूप उतरवलं की अँटिबॉडी येतात (प्रश्न ८), हे पुढे लक्षात आलं.

मधला मार्ग ‘सिम्फनी’ चाचणीने दाखवला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत १६४५ रुग्णांचे चार गट होते. मायकोफिनोलेट आणि स्टेरॉइडसोबत कमी डोसचं टॅक्रोलिमस घेणाऱ्यांत बायोप्सीने सिद्ध झालेलं रिजेक्शन १२.३ टक्के होतं, नेहमीच्या डोसच्या सायक्लोस्पोरिन गटात २५.८ टक्के आणि सिरोलिमस गटात ३७.२ टक्के. किडनीचं कामही टॅक्रोलिमस गटात सर्वांत चांगलं राहिलं. आज जगभर बहुतेकांना मिळणारी तीन गोळ्यांची जोडणी हीच. इथे ‘कमी डोस’ म्हणजे ठरवून, मोजून कमी; नगण्य नव्हे.

टॅक्रोलिमसला पर्याय म्हणून बेलाटासेप्ट २०११ मध्ये मंजूर झालं. ते शिरेतून, पुढे महिन्यातून एकदा देतात. सात वर्षांच्या पाठपुराव्यात सायक्लोस्पोरिनच्या तुलनेत मृत्यू किंवा किडनी जाण्याचा धोका ४३ टक्के कमी दिसला, अँटिबॉडीही कमी आल्या. पण सुरुवातीला तीव्र रिजेक्शन जास्त झालं. ज्यांना पूर्वी ईबीव्ही विषाणूची लागण झालेली नाही त्यांना हे औषध देत नाहीत, कारण त्यांच्यात लिम्फोमासारख्या (लसिका पेशींचा कर्करोग) विकाराचा धोका वाढतो.

१०. बायोप्सीच्या अहवालातली अक्षरं आणि आकडे कसे वाचायचे?

जगभरचे पॅथॉलॉजिस्ट बॅन्फ वर्गीकरण वापरतात. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये पहिली बैठक झाली, म्हणून हे नाव. प्रत्येक बदलाला ० ते ३ गुण देतात. ‘आय’ आणि ‘टी’ हे नलिकांभोवतीची आणि नलिकांमधली सूज सांगतात. ते वाढले की टी पेशींचं रिजेक्शन, म्हणजे टीसीएमआर. ‘जी’ आणि ‘पीटीसी’ हे बारीक रक्तवाहिन्यांतली सूज सांगतात; ते अँटिबॉडीच्या रिजेक्शनकडे, म्हणजे एबीएमआरकडे बोट दाखवतात. ‘सीजी’ म्हणजे त्याच वाटेची जुनी इजा. ‘सीआय’ आणि ‘सीटी’ म्हणजे व्रण. ते भरून येत नाहीत.

‘सी४डी’ ही अँटिबॉडीने रक्तवाहिनीवर मागे ठेवलेली खूण. ती नसली तरी एबीएमआर असू शकतं हे २०१३ पासून मान्य झालं आहे, त्यामुळे ‘सी४डी निगेटिव्ह’ वाचून निर्धास्त होऊ नका. तुकडा पुरेसा होता का, तेही पाहा. निदान दहा ग्लोमेरुलाय (रक्त गाळणारे बारीक गुच्छ) आणि दोन धमन्या असाव्यात अशी अपेक्षा असते.

११. रक्ताच्या नव्या चाचणीने बायोप्सी टळेल का?

काही वेळा टळेल. किडनीला इजा झाली की तिच्या मरणाऱ्या पेशींमधला डीएनए रक्तात येतो, आणि दात्याचा डीएनए तुमच्यापेक्षा वेगळा असल्याने मोजता येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डार्ट’ अभ्यासात रक्तातल्या मोकळ्या डीएनएपैकी १ टक्क्याहून जास्त दात्याचा असणं ही धोक्याची रेषा धरली गेली. अँटिबॉडीचं रिजेक्शन ही चाचणी चांगलं पकडते. टी पेशींचं सौम्य रिजेक्शन निसटू शकतं. शिवाय ती ‘इजा आहे’ एवढंच सांगते. इजा रिजेक्शनची की विषाणूची, हे सांगत नाही.

चाचणी अचूक असणं आणि तिच्यामुळे किडनी जास्त टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवीतल्या सीएक्ससीएल१० या रसायनाची पातळी सूज सुरेख दाखवते. पण तिच्यावर लक्ष ठेवून उपचार केल्याने फायदा होतो का, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तपासलं, तेव्हा एका वर्षात निकाल सुधारलेले दिसले नाहीत. बायोप्सी करायची की थांबायचं हे ठरवायला अशा चाचण्या घ्याव्यात. निदान अजून बायोप्सीच करते.

१२. अँटिबॉडीचं जुनं रिजेक्शन आहे. त्यावर औषध निघालंय का?

सुरुवातीच्या काळातल्या एबीएमआरमध्ये प्लाझ्मा बदलणं आणि आयव्हीआयजी (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देणं) यांचा उपयोग होतो. जुनं, धुमसत राहिलेलं एबीएमआर हा मात्र या क्षेत्राचा सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न आहे. तज्ज्ञांचा सल्ला आधी मूळ गोळ्या नीट बसवण्याचा आहे : टॅक्रोलिमसची लेव्हल पुरेशी ठेवणं, मायकोफिनोलेट चालू ठेवणं, रक्तदाब आवरणं. हे ऐकून ‘एवढंच?’ असं वाटतं, पण त्याने ऱ्हास मंदावू शकतो.

अनेक आशा फोल ठरल्या. अँटिबॉडी तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवरचं बोर्टेझोमिब २०१८ च्या चाचणीत उपयोगी पडलं नाही. क्लाझाकिझुमॅबची मोठी चाचणी २०२४ मध्ये फायद्याची शक्यता न दिसल्याने थांबवली गेली.

खरी चाहूल लागली ती फेल्झार्टामॅबने. हे औषध सीडी३८ नावाच्या प्रथिनाला धरतं. ते प्लाझ्मा पेशींवर आणि एनके पेशी नावाच्या, परक्या पेशी मारणाऱ्या रक्तपेशींवर असतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २२ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतरच्या बायोप्सीत औषध मिळालेल्या ११ पैकी ९ जणांत रिजेक्शन मावळलेलं दिसलं. नकली औषधाच्या गटात १० पैकी दोघांत. औषध थांबवल्यावर काहींत ते परतलं. बावीस माणसांवरून उपचार ठरत नाही, मोठ्या चाचणीचा निकाल यावा लागेल. तरीही इतक्या वर्षांनी एवढा स्पष्ट फरक दिसला, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती आनंदाने सांगायला हवी.

इम्लिफिडेजबद्दलही विचारणा होते. हे जिवाणूपासून मिळालेलं विकर काही तासांत रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी कापून टाकतं. युरोपात २०२० मध्ये त्याला सशर्त मंजुरी मिळाली ती क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्यांना प्रत्यारोपणापर्यंत पोचवण्यासाठी. काही दिवसांत अँटिबॉडी परत येऊ लागतात, म्हणून जुन्या एबीएमआरचं ते उत्तर नाही.

१३. बीके विषाणू निघाला आणि डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. हे उलटं नाही का?

उलटं वाटतं, पण बरोबर आहे. हा विषाणू १९७१ मध्ये किडनी प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णाच्या लघवीत सापडला; त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीके’. तो बहुतेकांच्या शरीरात निद्रिस्त असतो आणि प्रतिकारशक्ती फार दाबली गेली की किडनीत जागा होतो. त्यावर खात्रीचं औषध नाही. शरीरालाच थोडं बळ द्यावं लागतं. अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली त्याची सूज टीसीएमआरसारखी दिसते, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला बाधतो. एसव्ही४० नावाचं खास रंजन करून फरक ओळखतात. गोळ्या कमी केल्यावरच्या काळात डीएसए आणि क्रिएटिनिन जास्त वेळा तपासून घ्या.

१४. मूळ आजारच नव्या किडनीत परत येतो का?

काही आजार येतात. एफएसजीएस या, किडनीतल्या गाळण्यांवर व्रण पडणाऱ्या आजाराचा एक प्रकार काही तासांत किंवा दिवसांत परतू शकतो आणि लघवीतून प्रथिनं लोंढ्याने जाऊ लागतात. आयजीए नेफ्रोपथी (गाळण्यांत आयजीए अँटिबॉडी साचण्याचा आजार) परतते, पण सहसा सावकाश. अनियमित एचयूएससाठी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा आजार) आता इक्युलिझुमॅब हे औषध उपलब्ध असल्याने चित्र बदललं आहे. मूळ आजाराचं नेमकं निदान प्रत्यारोपणाआधी हाताशी असणं म्हणूनच मोलाचं.

१५. बायोप्सीत रक्तवाहिन्यांची सूज आहे, पण रक्तात एकही डीएसए नाही. मग हे काय?

असे अहवाल दुर्मीळ नाहीत. २०२२ च्या बॅन्फ बैठकीनंतर त्यांच्यासाठी स्वतंत्र गट केला गेला : सूक्ष्म रक्तवाहिन्यांची सूज, डीएसए नाही, सी४डी नाही. कारणं एकाहून अधिक असावीत. एचएलए सोडून इतर प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी असू शकतात. दुसरं स्पष्टीकरण २०१९ मध्ये लियाँच्या गटाने मांडलं. एनके पेशी समोरच्या पेशीवर ‘आपली’ एचएलए शोधतात. ती दिसली की शांत राहतात. दात्याच्या रक्तवाहिन्यांवर ती नसेल तर त्या अँटिबॉडीशिवायही चाल करून जाऊ शकतात. म्हणजे प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या दोन वाटांखेरीज तिसरीही वाट आहे. यावर ठरलेला उपचार अजून नाही. सीडी३८ वरच्या औषधांकडे (प्रश्न १२) लक्ष लागलं आहे, कारण ती एनके पेशींनाही गाठतात.

१६. काहीजण गोळ्या न घेता जगतात असं वाचलं. मीही प्रयत्न करू का?

नको. गोळ्या सोडूनही किडनी टिकलेले लोक आहेत, पण अगदी मोजके. सोडलेल्यांत बहुतेकांची किडनी जाते, आणि त्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही.

ठरवून सहिष्णुता आणण्याचं संशोधन वेगळं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात पाच रुग्णांना किडनीसोबत त्याच दात्याची अस्थिमज्जा दिली गेली. चौघांच्या गोळ्या पुढे बंद करता आल्या. एकाची किडनी अँटिबॉडीच्या रिजेक्शनने गेली. मज्जा रुजवायची तयारी कष्टदायक असते आणि जिवंत दाता लागतो. आजही हे काम चाचण्यांच्या चौकटीतच चालतं.

१७. डुकराची किडनी आली तर रिजेक्शनचा प्रश्न सुटेल का?

दात्यांच्या तुटवड्याचा प्रश्न कदाचित सुटेल, रिजेक्शनचा वाढेल. १९६०च्या दशकात कीथ रीम्ट्स्मा यांनी चिंपांझीच्या किडन्या बसवल्या होत्या, त्यांतली एक रुग्ण नऊ महिने जगली. मार्च २०२४ मध्ये बॉस्टनमध्ये ६९ जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी एका जिवंत रुग्णाला बसवली गेली. सुमारे दोन महिन्यांनी ते वारले, प्रत्यारोपणामुळे मृत्यू झाल्याचं चिन्ह नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका महिलेला बसवलेली किडनी १३० दिवस चालली. जंतुसंसर्गामुळे औषधं कमी करावी लागली, मग रिजेक्शन झालं आणि ती काढावी लागली. औषध जास्त झालं तर संसर्ग, कमी झालं तर रिजेक्शन, हा पेच इथेही सुटलेला नाही. या रुग्णांनी पत्करलेल्या धोक्याबद्दल मनात आदर आहे.

१८. ‘नव्या औषधाने ९५ टक्के यश’ अशी बातमी कशी वाचावी?

किती महिन्यांचं यश, ते आधी शोधा. औषधांच्या चाचण्या बहुधा एका वर्षात संपतात, आणि एका वर्षात आजकाल बहुतेक किडन्या चालूच असतात. दहा वर्षांनी काय होईल हे त्यातून कळत नाही, आणि दहा वर्षं चालणारी चाचणी कुणाला परवडत नाही. या कोंडीवर तोड म्हणून पॅरिसच्या गटाने ‘आयबॉक्स’ तयार केला. किडनीची गाळण क्षमता, लघवीतली प्रथिनं, बायोप्सीतले बदल आणि डीएसए यांवरून तो पुढच्या वर्षांतला धोका वर्तवतो. २०१९ मध्ये साडेसात हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर तो मांडला गेला आणि युरोपच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये चाचण्यांत दुय्यम निकष म्हणून वापरायला मान्यता दिली.

मग पाहा : तुलना कशाशी केली, रुग्ण किती होते, आणि अँटिबॉडी असलेले, दुसरं प्रत्यारोपण झालेले लोक चाचणीतून आधीच वगळले होते का. अनेकदा ते वगळलेले असतात, आणि बातमी वाचून सर्वांत जास्त आशा धरतात तेही तेच.

१९. किडनी बंद पडली, डायलिसिस सुरू झालं. आता गोळ्या कशासाठी चालू ठेवल्यात?

कारण न चालणारी किडनीही परकीच असते. गोळ्या एकदम थांबवल्या की शरीर तिच्याविरुद्ध मोठ्या प्रमाणात अँटिबॉडी तयार करतं. त्या फक्त जुन्या दात्यापुरत्या राहत नाहीत. तशाच एचएलए असलेल्या इतर दात्यांचीही दारं बंद होतात. दुसऱ्या प्रत्यारोपणाची शक्यता असेल, विशेषतः जिवंत दाता तयार असेल, तर डॉक्टर काही औषधं चालू ठेवणं पसंत करतात. तशी शक्यता नसेल किंवा वारंवार जंतुसंसर्ग, कर्करोग असं काही असेल, तर ती हळूहळू उतरवतात. किडनी काढायलाच हवी असं नाही. ताप, वेदना, लघवीतून रक्त असा त्रास झाला तर काढतात.

दुसरं प्रत्यारोपण हवं असेल तर ही चर्चा डायलिसिस सुरू होण्याआधीच, किडनी खालावू लागली की लगेच करा. तेव्हाच तीन गोष्टी विचारून घ्या : माझ्या रक्तात आज कोणत्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी आहेत, कोणती गोळी शेवटपर्यंत चालू ठेवायची, आणि रक्त चढवणं कसं टाळता येईल.